सोळा ठोक्यांची जागा

आमच्या शाळेचा बँड ऐन रंगात आला की सोळा ठोके गप्प बसायचा. कोणी चुकायचं म्हणून नव्हे. दौलत मास्तरांनी तो तसा बसवलाच होता. ढोल थांबे, बासऱ्या ओठांवरून उतरत, आणि मास्तर डावीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे वळून हातातली छडी अशा काही अदबीने हलवत, की वाटावं, तिथे कोणीतरी अगदी सुरात वाजवतं आहे. सोळावा ठोका झाला की खुर्चीला मानेनेच शाबासकी देत आणि बँड पुन्हा सुरू होई. खुर्चीवर एक पितळी कॉर्नेट, बिगुलासारखं फुंकायचं वाद्य, ठेवलेलं असे. वाजवून झाल्यावर मास्तर ते उचलून, खालची कळ दाबून झटकत, आणि त्यातून खरोखरच पाण्याचे दोन थेंब पडत. असल्या वाद्यात फुंकणाऱ्याच्या श्वासाचं पाणी साठतं, हे आम्हां पोरांना चांगलं ठाऊक होतं. म्हणून तर अंगावर काटा यायचा.

मी पिंपळगाव राजाचा. घरच्यांनी मला तालुक्याच्या गावी फादरांच्या शाळेत ठेवलं, तेव्हा पोरगं बाटणार म्हणून आत्याने दोन दिवस डोळे पुसले. बाटवायला तिथे सवड कोणाला होती? शाळा सुटली की रोज काही ना काही मंडळ. सोमवारी वक्तृत्व, मंगळवारी बागकाम, बुधवारी नाटक, उरलेले दिवस बँड. आणि या सगळ्यांवर आमचे ड्रिल मास्तर दौलतराव एकटे. पलटणीच्या बँडातून पेन्शन घेऊन आलेला माणूस. सगळं जग ठोक्यांत बसतं असा त्यांचा पक्का समज. बागेतल्या वांग्यांना आम्ही ठोक्यावर पाणी घालत असू. नाटकातलं भूतसुद्धा कवायतीच्या पावलांनी येई, आणि हुकूम मिळाल्याशिवाय कोणाला घाबरवत नसे. कोणी गडबडलं की मास्तर ओरडत, "मोज बे, मोज!"

पहिल्याच दिवशी मी बासरी घेऊन, कॉर्नेट बाजूला सारून त्या खुर्चीवर टेकायला गेलो. ढोलवाल्या गणपतने माझी चड्डी धरून मागे ओढलं.

"उठ बे! नारायणची जागा हाय ते."

"कुठं हाय तो?"

"मेला. सोनाळ्याचा होता. मानमोडीच्या तापात गेला. पण येते तो. वाजवून झालं का त्या भांड्यातून पाणी पडते, पाह्यजो तू."

मी तसाच उठून झाडाखाली जाऊन बसलो.

त्या वर्षी डेप्युटी कमिशनर साहेब शाळा पाहायला आले. बँड रंगात आला, आणि थांबला. साहेबांना वाटलं संपलं. ते उठले, टाळ्या वाजवल्या, हार घालून घ्यायला मान पुढे केली, तोच सोळा ठोके भरले. ढोल असा कडाडला की साहेबांची टोपी फादरांच्या पायाशी जाऊन पडली.

फादर मराठी पुस्तकांतून शिकलेले, आमच्याहून शुद्ध बोलत. "मास्तर, स्नेहसंमेलनापूर्वी ही पोकळी भरून निघावी. अन्यथा बँड विसर्जित करावा लागेल. मला ह्याचे दुःख होईल."

मास्तर आठवडाभर कोणावर ओरडले नाहीत. वांगी सुकायला लागली.

एकदा मधल्या सुट्टीत मी विसरलेली बासरी आणायला बँडच्या खोलीत गेलो. मास्तर त्या खुर्चीसमोर जमिनीवर बसले होते. कॉर्नेट ओठाला लावून, आवाज न काढता, हळूहळू त्यात श्वास सोडत होते. मला पाहूनही थांबले नाहीत. मग म्हणाले, "थंडं पितळ सुरात बोलत नाई. आधी ऊब द्या लागते. तो आला अन् भांडं थंडं असलं, तं कसं वाजवन?"

पाण्याच्या थेंबांचं कोडं सुटलं. पण हायसं वाटलं नाही, उलट रडूच आलं.

"दिवाळीच्या सुट्टीत गावाले निघाला तवा अंगात ताप होता त्याच्या," मास्तर सांगू लागले. "मले म्हणे, मास्तर, माही जागा दुसऱ्याले देऊन टाकसान. मी म्हटलं, कोणालेच देत नाई. तू ये फक्त." कॉर्नेट मांडीवर ठेवून ते बराच वेळ पुसत राहिले. "आता बँडच बंद झाला, तं तो येऊन बसन कुठं? तू वाजव. पण बसू नोको. उभ्यानं वाजव."

रोज मधल्या सुट्टीत त्यांनी गुणगुणून मला ते सोळा ठोके कॉर्नेटवर शिकवले. संमेलनाच्या दिवशी मी खुर्चीशेजारी उभा राहून वाजवलं. मास्तरांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. छडी खुर्चीकडेच हलत होती. माझ्या कानाशी कोणीतरी माझ्याबरोबर श्वास घेतं आहे, असं मला त्या दिवशी वाटलं. आजही कोणी खोदून विचारलं तर मी नाही म्हणणार नाही. बँड मात्र वाचला.

मॅट्रिक होऊन निघालो तेव्हा मास्तर फाटकापर्यंत आले. "परत येजो. तुही जागा सोडून ठेवतो." मी हो म्हणालो, आणि चारजण विसरतात तसा विसरून गेलो.

पुष्कळ वर्षांनी नोकरीच्या कामाने त्या गावी उतरलो. शाळा सुटायची वेळ होती. मैदानावर तीच चाल चालली होती, आणि एकदम सगळं थांबलं. मी फाटकातूनच आत पाहिलं. मास्तर पार वाळले होते, छडी तशीच अदबीने हलत होती. आणि डावीकडे रिकाम्या खुर्च्या दोन होत्या.

चाल संपल्यावर मी जवळ गेलो. विचारायचं धाडस होत नव्हतं. "मास्तर, ही दुसरी... आणखी कोण गेलं?"

त्यांनी डोळे बारीक करून मला निरखलं.

"कोणी नाई गेलं. ते तुही हाय. काऊन बे इतका उशीर केला?"

कॉर्नेट त्यांनी माझ्या हातात दिलं. ते कोमट होतं.

"बस आता," ते म्हणाले आणि पोरांकडे वळून त्यांनी छडी उचलली. "मोज बे, मोज!"

मी माझ्या खुर्चीवर बसलो. मोजायला मात्र काही केल्या जमेना.