तात्यांचा ब्लॅक टाय

आमच्या कंपनीचे ड्रायव्हर तात्या हॉटेलच्या दारात गाडी लावली की आधी साहेबांच्या गळ्याकडे बघतात. टाय चुकला असेल तर दार उघडत नाहीत.

दोहातल्या बड्या हॉटेलांच्या दारात त्यांची सोळा वर्षं गेली. आत मेजवानी, बाहेर तात्या. साहेबलोक निमंत्रणाचं कार्ड सीटवर टाकून आत जातात आणि तात्या ते वाचत बसतात. त्यामुळे माण तालुक्यातल्या या दहावी नापास माणसाला पोशाखाचं सगळं शास्त्र तोंडपाठ आहे. कार्डावर 'लाउंज सूट' असेल तर साधा कोट-टाय. 'नॅशनल ड्रेस' असेल तर कतरी माणसाला त्याचा पांढरा पायघोळ थोब, आपल्याला बंद गळा. आणि 'ब्लॅक टाय' म्हटलं की तात्यांचा आवाज देवळात शिरल्यासारखा खाली येतो.

मी एकदा काळा टाय लावून ऐटीत निघालो होतो. बिन महमूदच्या सिग्नलला तात्यांनी मला आरशात न्याहाळलं आणि पुढे जाऊन गाडी बाजूला घेतली.

"साहेब, ब्लॅक टाय म्हंजे नुसता काळा टाय न्हवं. काळा डिनर कोट, पांढरा शर्ट आन् गळ्याला फुलपाखरू."

मग डॅशबोर्डच्या कप्प्यातून काळा बो काढून त्यांनी स्वतः माझ्या गळ्यात बांधला. माझा कोट करडा होता, ते मात्र त्यांनी आठवडाभर मनाला लावून घेतलं. कार्ड पाठवणाऱ्यानं विचार करून लिहिलेलं असतं, त्याचा मान ठेवावा, असं त्यांचं ठाम मत.

यंदा त्यांच्या मुलीचं, वैशालीचं लग्न ठरलं. मुलगा पुण्याचा, परदेशात राहून आलेला. रिसेप्शनच्या कार्डावर तळाशी छापलं होतं, ब्लॅक टाय. तात्यांनी ते कार्ड महिनाभर गाडीत समोर लावून ठेवलं. सूक वाकिफ बाजाराजवळच्या शिंप्याला माप दिलं आणि कॉलरची साटीनची पट्टी दोनदा उसवायला लावली.

"सोळा वर्सं हॉटेल भाइरनं बघितलं," मला म्हणाले, "औंदा आतनं बघायचं. पोरीच्या शेजारी हुबं ऱ्हाऊन."

लग्नाची सुट्टी संपवून आले तेव्हा त्यांचीच गाडी घेऊन विमानतळावर त्यांना घ्यायला मी गेलो. गाडीत बसल्याबसल्या फोटो मागितले. वैशाली होती, जावई होते, तिची आई होती, व्याही मंडळी होती. कुणी शेरवानीत, कुणी नेहरू जॅकेटात, नवरदेव निळ्या सुटात. तात्या एकाही फोटोत नव्हते.

खोदून विचारलं तेव्हा हळूहळू सांगितलं. अख्ख्या समारंभात कार्डाप्रमाणे कपडे केलेले दोघंच, एक तात्या आणि दुसरे हॉटेलचे वाढपी. तात्या पाहुण्यांच्या स्वागताला दारात उभे राहिले. नवऱ्याकडचे एक गृहस्थ उतरले, यांना वरखाली बघितलं आणि गाडीची किल्ली हातात ठेवून आत गेले. आपण मुलीचे वडील आहोत हे सांगून पाहुण्याला खजील कसं करायचं, म्हणून तात्यांनी गाडी नेऊन लावली. परत येतात तो दुसरी किल्ली, मग तिसरी. वैशाली स्टेजवरून बाबांना फोन लावत होती. कोटाचा खिसा फुगलेला दिसू नये म्हणून तात्यांनी फोन खोलीवरच ठेवला होता. ते आत पोहोचले तेव्हा फोटोवाला सामान आवरत होता.

मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी चिडतो. पाहुण्यांवर चिडलो, तात्यांवरही चिडलो. एका शब्दानं सांगायला काय झालं होतं?

"पोरीच्या सासरची मान्सं ती," एवढंच म्हणाले. "पर एकबी गाडी घासू दिली न्हाई."

ते कार्ड अजून गाडीत समोर लावलेलं होतं. ते त्यांनी काढलं, मांडीवर ठेवून तळाच्या ओळीवर बोट ठेवलं.

"साहेब, हितं त्येच लिव्हलंय न्हवं? माझं वाचायला चुकलं न्हाई ना?"

"नाही, तात्या," मी म्हणालो. "तुमचं काही चुकलं नाही."

त्यांनी मान हलवली आणि कार्ड शर्टाच्या खिशात ठेवलं.