शिलाई कारखान्यामागील बोळ सर जाहला त्याची हकीकत

समस्त आयाबहिणी व त्यांचे हितचिंतक यांसी विदित व्हावे की, बोळाची मोहीम कैसी फत्ते जाहली ते वर्तमान साद्यंत लिहिले आहे. लेकरू निजले आहे तोवर वाचून घ्यावे.

बोळात कट्टा, कट्ट्यावर टवाळांची छावणी. कारखाना सायंकाळी सातास सुटे आणि बाया निघाल्या की शिट्ट्यांचा मारा सुरू होई. दोघींनी काम सोडिले, आणि काजबटणकुशल सूनबाईसाहेबांच्या घरीही तीच मसलत शिजत होती. पोलिसांची गस्त नव्हती ऐसे नाही. ती रोज येई, भिंतीवरील पेटीतल्या वहीत सही करी, मग जाई. परंतु दुपारी चारास, जेव्हा बोळात फक्त एक मांजर हजर असे.

तशात ठाणेदारसाहेबांनी शाळेच्या सभागृही 'स्त्री-समानता संवाद' भरविला. पुढील खुर्च्यांवर पुरुष आरूढ जाहले, बाया मागे. आणि चौघा वक्त्यांनी समानतेच्या तोफा तासभर डागल्या, आणि मग वेळ सरता सरता बायांस विचारणा जाहली.

सूनबाई उभ्या राहिल्या. खांद्यावर नऊ महिन्यांची लेक, दिवसभर किरकिर करून आत्ताच निजलेली. मोठ्याने बोलावे तर लेक उठेल, न बोलावे तर काम जाईल. सासूबाईंनी कुमक देऊ केली, परंतु पोर हातबदल करिताच किल्ला ढासळणार हे उभयतां जाणून होत्या. मग सूनबाईंनी कुजबुजतच अर्ज गुदरला. पुढून फर्मान सुटले की मोठ्याने बोलावे.

सासूबाई म्हणाल्या, "अहो, पोर झोपलंय. तुम्हीच जरा गप्प बसा की."

सभा चिडीचूप जाहली. पंखादेखील बंद केला. ठाणेदारसाहेब जातीने मागल्या रांगेत आले, खुर्ची ओढून बसले आणि कान पुढे केला.

"साहेब," सूनबाई हळूच म्हणाल्या, "वहीला कोणी छेडत नाही. आम्हाला छेडतात. सात वाजता."

साहेब अंमळ ओशाळले, आणि गुडघ्यावर कागद ठेवून तेथेच हुकूम लिहिला की, गस्तीने सातास हजर व्हावे, आणि वहीत एका कामकरी बाईची सही घ्यावी. ती नसता गस्त आली ऐसे समजू नये. तोच लेकीच्या ओठांतून लाळेचा थेंब हुकुमावर पडला. साहेब पुसू लागले, तो सासूबाईंनी मनाई केली.

सोमवारी सातास गस्त दाखल जाहली, मग छावणी उठली. वहीत पहिली सही सूनबाईंची पडली, आणि घरची मसलत बरखास्त जाहली. हुकूम पेटीत चिकटविला आहे. शाई एके ठिकाणी पसरली आहे, ते मोर्तब लेकीचे.