कॉरिनचं लग्न आणि डॅडीचं मेण

"त्या गाडीत मी बसणार नाही," कॉरिन म्हणाली आणि डेल्बर्ट कुबियाकच्या घशातला टोस्ट तिथेच अडकला.

सकाळचे सात वाजले होते. लग्न चारला होतं. लेकीनं हे आज सांगावं?

"पांढरा ड्रेस घालून त्या मळकट गाडीतून उतरू, डॅडी? सगळ्या फोटोंत तीच दिसेल. हॅल्डॉर्सन म्हणतायत, लांबलचक पांढरी गाडी पाठवतो. नुसता फोन करायचा अवकाश."

हॅल्डॉर्सन म्हणजे होणारे व्याही. माणूस भला होता, पण त्यांचं नाव निघालं की डेल्बर्टच्या नाकाला मिरच्या झोंबत. कुबियाकांच्या घरातली मुलगी चर्चला जाते ती बापाच्या गाडीतून आणि गाडी बाप स्वतः चालवतो. हे आजोबांपासून चालत आलेलं. डेल्बर्टची थोरली बहीण फ्लॉरेन्स तर दुधाच्या गाडीतून गेली होती, मागे रिकाम्या बाटल्या वाजत होत्या. आणि आपली एकुलती एक लेक भाड्याच्या गाडीतून जाणार? शक्यच नाही.

"तीन वाजता माझ्या गाडीच्या पत्र्यात तुला तुझं तोंड दिसलं, तर?"

"ती गाडी माझ्याहून वयानं मोठी आहे, डॅडी. उन्हानं लाल रंग मेलाय तिचा."

"दिसलं तर?"

"तर बसेन," कॉरिन म्हणाली. "नाही दिसलं, तर फोन करेन."

डेल्बर्टनं बाह्या सरसावल्या. त्याची बायको लॉरेन केसांना चिमटे लावत ओरडली, "डेल, आज? अरे, आज लग्न आहे घरात!" पण तोवर स्वारी नळी घेऊन बाहेर पोचलीसुद्धा.

गाडी धुणं झकास झालं. एक बादली साबणाची, एक साध्या पाण्याची, आधी टप आणि सगळ्यात शेवटी चाकं. शेजारचा गॉर्डी पेल्की कॉफीचा मग घेऊन कुंपणाशी आला. उभ्या आयुष्यात त्यानं स्वतःची गाडी धुतली नव्हती, त्यामुळे सल्ल्यांचा साठा भरपूर होता.

मग पॉलिश. दोनदा फडका फिरवला आणि डेल्बर्टच्या तोंडचं पाणी पळालं. फडका लालभडक झाला होता.

"गॉर्डी! रंग निघतोय रे!"

"निघणारच. वरचा मेलेला रंग आहे तो. खाली जिवंत आहे, घास तू."

आणि काय आश्चर्य, या एका बाबतीत गॉर्डी बरोबर निघाला! अकरा वाजेपर्यंत खालून खरीखुरी लाल गाडी वर आली. डेल्बर्टचे खांदे भरून आले होते, पण छाती त्याहून जास्त फुगली होती.

राहिलं मेण. डब्यावर बारीक अक्षरांत बरंच काही लिहिलेलं होतं. चष्मा लग्नाच्या कोटात होता आणि कोट वरच्या मजल्यावर. मेण लावायला चष्मा कशाला लागतो? पातळ थरानं एवढी चमक, तर जाड थरानं किती, असा साधा हिशेब त्यानं केला आणि अख्ख्या गाडीला बोटभर जाड मेण थापलं. तेवढ्यात लॉरेननं हाक मारली, "डेल, चर्चच्या तळघरात टेबलं पोचवायची आहेत! गॉर्डीच्या ट्रकमधून जा!"

"जातो. तोवर वाळेल."

वाळलं की! जूनचं ऊन, वर ढगाचा ठिपका नाही. दीड वाजता तो परतला, तेव्हा दारात एक पांढरीशुभ्र गाडी उभी होती. क्षणभर त्याला वाटलं, हॅल्डॉर्सननी न विचारताच पाठवली की काय. मग ओळख पटली. फडका फिरवला तर फडका फाटला. नखानं खरवडलं तर नख मोडलं.

"दगड झालाय याचा," गॉर्डी म्हणाला. "पण त्या काळ्या रबरी पट्ट्यांवरचे डाग आहेत ना, ते पीनट बटरनं निघतात. माझा मेव्हणा तसंच करतो."

बुडत्याला काय, डेल्बर्टनं स्वयंपाकघरातली बरणी आणली. नेमकं आत दाण्याचे तुकडे असलेलं बटर. तरी त्यानं ते सगळ्या पट्ट्यांना फासलं. वास सुटला तसा गॉर्डीचा मफिन नावाचा धिप्पाड कुत्रा कुंपणावरून उडी मारून आला आणि मागच्या दाराची पट्टी चाटायला लागला.

"हाकल त्याला!" गॉर्डी ओरडला.

"थांब!" डेल्बर्ट खाली वाकला. चाटलेली पट्टी कोळशासारखी काळी झाली होती. "हाकलू नकोस. पुढे सरकव."

मग डेल्बर्टनं पुढून पट्टा धरला, गॉर्डीनं मागून ढकललं आणि मफिनला गाडीभोवती एक पूर्ण प्रदक्षिणा घडली. पट्ट्या स्वच्छ झाल्या. गाडी मात्र पांढरीच होती.

दोन वाजता फ्लॉरेन्स आली. डोक्यात केस कुरळे करायच्या गुंडाळ्या, अंगात घरचा झगा. तिनं गाडी पाहिली, भाऊ पाहिला, मग डबा उचलून लांब धरून वाचला.

"सावलीत लावा. पातळ लावा. थोड्या थोड्या जागेवर लावून लगेच पुसा. सगळं लिहिलंय इथे, गाढवा."

"आता काय करू, ते सांग!"

"त्याच्यावरच ताजं मेण लाव, जुनं मऊ पडतं. एक वीत लाव, एक वीत पूस. आणि आधी गाडी सावलीत घे!"

वीत वीत करत डेल्बर्ट गाडीभर फिरला. फडके संपले, टॉवेल संपले, मग त्याचे सहा बनियन गेले. फ्लॉरेन्स तयार व्हायला गेली, लॉरेन आणि ती गॉर्डीबरोबर चर्चला गेल्या, फोटोवाला गेला. डेल्बर्ट घासत होता. हात त्याचे राहिले नव्हते, पण थांबेल तर तो कुबियाक कसला? तीनला पाच कमी असताना त्यानं शेवटचा बनियन फेकला आणि कसाबसा कोटात घुसला.

कॉरिन बाहेर आली. पांढऱ्या ड्रेसमध्ये ती इतकी सुंदर दिसत होती की डेल्बर्टला एकदम रडू यायला लागलं. ती दाराशी वाकली, रंगात बघून ओठ नीट केले आणि म्हणाली, "दाताला लिपस्टिक लागलीय. बरं झालं दिसलं."

जिंकलो! डेल्बर्ट ऐटीत स्टिअरिंगमागे बसला आणि हात वर उचलायला गेला. हात मांडीवरून हलेनात. ना डावा, ना उजवा.

"डॅडी, चल ना."

"दोन मिनिटं."

पाच झाली, दहा झाली. बोटं फडका धरल्यासारखी वळलेली, ती तशीच. किल्लीसुद्धा फिरवता येईना.

"सरक," कॉरिन म्हणाली.

"कुबियाकांच्या घरात बापच..."

"सरकतोस, की हॅल्डॉर्सनना फोन करू?"

डेल्बर्ट सरकला. कॉरिननं ड्रेस गोळा करून मांडीखाली कोंबला, फुलांचा गुच्छ बापाच्या मांडीवर ठेवला आणि गाडी काढली. चर्चच्या पायऱ्यांशी हॅल्डॉर्सन अदबीनं पुढे झाले, त्यांनी शेजारच्या सीटचं दार उघडलं, तर आत फुलं घेऊन डेल्बर्ट.

"काय चमकवलीय हो गाडी!" ते मनापासून म्हणाले. "कुठून करून घेतलीत?"

"घरीच," डेल्बर्ट म्हणाला. "जरा उतरवता का मला?"

ऑर्गन वाजू लागला. बापानं हात पुढे करायचा आणि लेकीनं तो धरायचा, अशी रीत. इथे लेकीनं बापाचा हात उचलला आणि आपल्या हाताभोवती अडकवला. वळलेली बोटं तिथे घट्ट बसली. दोघं हळूहळू चालत पुढे पोचली. आता लेक सोपवायची. जावई वाट बघत उभा राहिला. डेल्बर्ट काही सोडेना.

"डॅडी, सोड," कॉरिन कुजबुजली.

"सुटत नाहीये."

पहिल्या बाकावर लॉरेन हुंदके देत होती. दुसऱ्या बाकावरच्या सगळ्यांनी रुमाल काढले. केवढा हा बापाचा जीव! हॅल्डॉर्सनचेही डोळे भरून आले. फ्लॉरेन्स तेवढी कपाळाला हात लावून बसली होती.

शेवटी जावयानं पुढे होऊन सासऱ्याचं एकेक बोट अलगद सोडवलं. अंगठा सुटला, मग पुढची तीन सुटली. करंगळी मात्र केव्हाच मोकळी झाली होती. ती डेल्बर्टनं मुद्दाम लेकीच्या हाताला अडकवून ठेवली.