धोंडबाचा डावा कान

एका जंगलात, मुलांनो, राज्य नव्हतं. म्हणजे तिथे चावाचावी व्हायची, मारामाऱ्या व्हायच्या, अधूनमधून मुडदाही पडायचा. पण एक रीत होती. ज्याने चावा घेतला, त्याने जखम भरेपर्यंत जखमीच्या बिळाबाहेर राखण करायची. येता-जाता सगळं जंगल त्याला हसायचं. एका लांडग्याने असे तीन महिने नाक मुठीत धरून काढले होते.

पुढे वाघ राजा झाला. त्याने जाहीर केलं, "रानटी कारभार बंद. आजपासून कायदा!"

आठवडाही झाला नसेल, कोल्ह्याने धोंडबा सशाचा डावा कान तोडला. धोंडबाची बायको तुळसा मोठी खमकी. नवऱ्याला घेऊन ती तडक दरबारात गेली.

"महाराज, या कोल्ह्याला आमच्या बिळाबाहेर राखणीला बसवा."

"तुमच्या का म्हणून?" वाघ म्हणाला. "कायदा माझा. मोडला तोही माझाच. म्हणजे गुन्हा माझ्याविरुद्ध झाला."

"पण कान यांचा गेलाय!"

"तो पुरावा, बाई."

कोल्ह्याला दंड झाला. राजाच्या मुदपाकखान्यात एक ससा जमा करायचा.

कोल्ह्याने अदबीने मान लववली. "मान्य, सरकार. हा धोंडबाच देतो. लांब जायला नको."

तुळसा नवऱ्याच्या आड उभी राहिली. "महाराज, हा तर खून!"

"छे, छे. ही अंमलबजावणी."

"मग मी तक्रार मागे घेते."

"तुमची तक्रार आहेच कुठे? फिर्यादी मी. तुम्ही नुसत्या साक्षीदार."

तुळसाला रडू फुटणार होतं. पण डोकं जाग्यावर होतं. साक्षीदार ना? मग साक्ष तरी आपल्याच तोंडची. तिने डोळे पुसले.

"लिहून घ्या तर. यांना डावा कान जन्मापासूनच नाही."

धोंडबाच्या गालावर अजून रक्त ओघळत होतं. ते त्याने घाईघाईने पुसलं. "नव्हताच," तो म्हणाला.

वाघ हिरमुसला. पण साक्षच फिरल्यावर करतो काय? कोल्हा निर्दोष सुटला. तुळसा नवऱ्याला घरी घेऊन आली आणि पोटभर रडली. ही युक्ती मात्र जंगलभर झाली.

काही वर्षांनी दरबारी इतिहासकार कासवाने दोन्ही काळांची तुलना लिहिली. 'रानटी काळात वर्षाला चाळीस गुन्हे. राज्य आल्यापासून एकही नाही. मात्र जन्मतः कान, शेपूट किंवा पाय नसलेले प्राणी एवढे का वाढले, हे वैद्यांनी पाहावे.'

तात्पर्य: मुलांनो, चांगल्या राज्यात कुणालाही इजा होत नाही. प्रजाच अपुरी जन्माला येते.