अकरा मागी आणि रद्द झालेलं गाढव

पंचवीस डिसेंबर, सकाळचे साडेदहा. ठिकाण पिपरी मेघेतलं आमचं चर्च. हजर: एकशे बेचाळीस माणसं, एक पाळक आणि अकरा मागी. मागी म्हणजे तारा बघत बघत बाळ येशूला भेटायला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी लोक. दरवर्षी आमच्या नाटकात ते तीन असतात. यंदा अकरा झाले, त्याला कारण आमचे शेजारी शमुवेलकाका.

काका वजनमापे खात्यात निरीक्षक होते. अल्लीपूरच्या बाजारात ते दिसले की दुकानदार तराजू पुसायला लागत. निवृत्तीनंतर तराजू उरले नाहीत, म्हणून त्यांनी धर्म तपासायला घेतला. एक जाड रजिस्टर, त्यात तीन रकाने: प्रथा, बायबलातलं वचन, शेरा. शेरा 'पास' किंवा 'नापास'. कोणी काही बोललं की काकांचं बोट वर. "कुठी लिवलं हाय? दाखव मले."

एदेन बागेतलं सफरचंद नापास. लिहिलंय नुसतं फळ. योनाला गिळणारा देवमासा नापास. लिहिलंय मोठा मासा. उपासनेत बायकांच्या डोक्यावर पदर, पास. गाडीच्या आरशाला क्रूस टांगणं नापास. माझ्या गाडीचा क्रूस त्यांनी स्वतः सोडवून माझ्या हातात दिला. "त्यापेक्षा ब्रेक पाहून घेजो."

फक्त रूथकाकू त्यांना दबत नसत. दर नाताळला त्या व्हरांड्यात बाळ येशूच्या गव्हाणीचा देखावा मांडत आणि त्यात जुन्या गोधडीचं, स्वतः शिवलेलं गाढव उभं करत. काका ते उचलून कपाटावर ठेवत.

"मरिया गाढवावर बसून आली, असं कुठी लिवलं हाय?"

"मंग काय नऊ महिन्याची बाई पायी चालवत आणली योसेफानं? माह्या गाढवाले हात लावाचा नाई!"

गाढव परत खाली. एका नाताळला मी मोजलं. सात फेऱ्या झाल्या.

काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या. दफनानंतर माझी बायको म्हणाली, "काका, वर भेट होईलच." काकांचं बोट वर गेलं नाही, पण शब्द तेच आले, "कुठी लिवलं हाय?" लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. माणूस दगड आहे, असं घरी येऊन मीही म्हणालो.

यंदा नाटक माझ्याकडे होतं. पहिल्याच तालमीला काका रजिस्टर घेऊन हजर. "मागी तीन, हे कुठी लिवलं हाय?"

मी बायबलातलं मत्तयाचं शुभवर्तमान उघडलं. भेटी तीन आहेत: सोनं, ऊद, गंधरस. माणसं किती, ते लिहिलेलं नाही. नसलेला आकडा लावणं मलाही पटेना. मग मरिया-योसेफाला जागा नाकारणारा उतारशाळेचा मालक. उतारशाळा आहे, मालक नाही. गाढव तर नाहीच.

मी भूमिका रद्द केल्या आणि आया माझ्या अंगावर आल्या. "भाऊ, माह्या पोराले काऊन काढलं?" मार्ग एकच होता. मूळचे मागी तीन, उतारशाळेचा मालक एक, गाढवाचे पुढचे आणि मागचे पाय मिळून दोन, आणि आकडा मोकळा आहे हे कळल्यावर धावत आलेले आणखी पाच. एकूण अकरा. भेटी तीनच. उरलेले आठ जण हात हलवत आले, लग्नात वरपक्षाकडचे येतात तसे.

शिवाय मागी गव्हाणीपाशी नाही, घरात आले असं लिहिलंय. म्हणून घर उभारलं, पुठ्ठ्याचं. ते सहाव्या माग्यापर्यंत टिकलं. सातवा शिरला आणि छप्पर योसेफाच्या डोक्यावर बसलं. पाळकसाहेब हसून हसून डोळे पुसत होते. पहिल्या बाकावर काका एकटेच उभे राहून टाळ्या वाजवत होते. "बराबर! एकदम वचनाप्रमाणं!"

दुपारी काकांकडे करंज्या द्यायला गेलो, तर व्हरांडा रिकामा. देखावा मांडलेलाच नव्हता. काकांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं.

"तू आकड्याचा पक्का माणूस. हे एक डाव तपासून दे."

शेवटचं पान. बाकी सगळं रजिस्टर शाईचं, हे पेन्सिलीचं. प्रथा: 'वर गेल्यावर रूथ भेटेल, ओळखेल.' खाली सत्तेचाळीस वचनं. पहिलंच उलट जाणारं: पुनरुत्थानानंतर नवरा-बायको हे नातं राहत नाही, हे खुद्द येशूचं उत्तर. पुढची शेहेचाळीस त्यातून वाट शोधणारी. शेऱ्याच्या जागी खोडून खोडून कागद झिरझिरीत झालेला.

"बायको नसन तं नसो," काका म्हणाले. "वळख तं देईन ना?"

मी सत्तेचाळीसही वचनं काढून वाचली. दोन तास लागले. काका समोर बसून होते. बोट एकदाही वर गेलं नाही. 'पास' लिहिण्याइतकं स्पष्ट मला सापडलं नाही. 'नापास' लिहिण्याइतकंही नाही. तसं त्यांना सांगितलं. शेऱ्यात लिहिलं, 'तपास चालू', आणि खाली सही केली.

काकांनी ते दोनदा वाचलं.

"नापास नाई ना?"

"नाही काका."

"मंग तपासणीची फी घेऊन जाय." ते उठले आणि कपाटावरून गोधडीचं गाढव काढलं. कपाटावर बोटभर धूळ होती, गाढवावर नव्हती. ते माझ्या हातात देत म्हणाले, "पुढच्या नाताळले नाटकात उभं करजो. कुठीच लिवलं नाई, मले मालूम हाय."