आबाच्या पाठीतलं पाप

आचऱ्याच्या किनाऱ्यावर रापणीचं, म्हणजे सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावरून ओढायचं जाळं सोडण्याआधी देवाला गाऱ्हाणं घालायचा मान आबाचा. त्या सकाळी उघड्या अंगाने, नारळ घेऊन त्याने हात पुढे जोडले आणि मागून रापणीतलाच, त्याच्याच वयाचा बाबू ओरडला, "आबा, तुझ्या पाठीत ह्यां काय रे? लिंबाएवढां!"

आबाने दचकून हात सोडले. गाठ गायब. परत जोडले. गाठ हजर!

"देवासमोर हात जोडले काय पाप वर येता," बाबूने निकाल दिला. या गावात डॉक्टर शोधून मिळत नाही, निदान करणारे मात्र घरटी दोन! "ह्या हातान नारळ दिलो तर जाळ्यात म्हावरा सोड, सुंगट पण गावचा नाय. उद्यापासून गाऱ्हाणा मी घालतंय."

एवढ्या वर्षांचा मान एका गाठीने खाल्ला. घाबरून आबाने हात जोडणंच टाकलं. देवळात हात लोंबते ठेवून उभा राहिला, तर लोक म्हणाले, "मस्ती इली म्हाताऱ्याक." व्याही आले, त्यांना नुसती मान हलवली, व्याही न जेवता उठले. सरकारी दवाखान्यात त्याला पालथं झोपवलं, हात अंगालगत.

"इथे काहीच नाही, आजोबा."

हात जोडून दाखवायची आबाची छाती झाली नाही. पाप डॉक्टरलाही दिसलं असतं!

शेवटी बायकोचं, पार्वतीचं डोकं फिरलं. "कॅन्सर आसलो तर? मान घेवन वर जातलस? चल!" तिने त्याला मालवणात डॉक्टर अनुजाकडे ओढत नेलं.

"काम काय करता?"

"जन्मभर रापण ओढतंय."

"मग जाळं ओढता तसे हात पुढे करा."

"नको बाई, पाप वर येतला!"

"येऊ दे की!"

गाठ टपकन वर आली. सोनोग्राफी झाली, एमआरआय झाला.

"कॅन्सर नाही," अनुजा म्हणाली. "वर्षानुवर्षं जाळं ओढताना खांद्यामागचं हाड बरगड्यांवर घासून घासून अशी गाठ होते. हात खाली आले की हाडामागे लपते. दुखली, वाढली तरच काढू."

"आणि रापण?"

"ओढा. दुखलं की थांबा."

दुसऱ्या सकाळी आबा किनाऱ्यावर गरजला, "सदरे काढा! हात फुडे करा!"

म्हाताऱ्यांपैकी दोघांच्या पाठी फुगल्या. त्यात बाबूची तर दोन्ही बाजूंनी, जोडीने!

"घाबरा नको, पण दाखवन ये," आबाने बाबूच्या हातातला नारळ काढून घेत सांगितलं. मग ताठ उभं राहून त्याने हात जोडले. "बा देवा म्हाराजा, जो कोण दुसऱ्याच्या पाठीत पाप हुडकता, तेका आदी सोताची पाठ दाखव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" रापणीची सगळी माणसं गर्जली.

बाबूही म्हणाला. हात मागे बांधून.