टी. नगरात टिकलेली मराठी

भाषा वापरली नाही तर गंजते, यावर सर्व तज्ज्ञांचे एकमत आहे. ती कशासाठी वापरावी, यावर मात्र ते सोयीस्करपणे गप्प असतात. चेन्नईच्या शेषाद्रीरावांनी ही उणीव स्वतःपुरती भरून काढली होती.

शेषाद्रीराव तंजावरकडचे मराठी. घरात तमिळ, ऑफिसात इंग्रजी आणि मराठी टी. नगरच्या साड्यांच्या दुकानांत, अशी त्यांची वाटणी होती. विक्रेत्याला कळू नये म्हणून त्याच्यादेखत त्याच्या मालाला मराठीत नावे ठेवायची, हा त्यांचा आणि पत्नी चंद्रिकाबाईंचा भाषासंवर्धनाचा साप्ताहिक उपक्रम. (साडी घेणे बंधनकारक नव्हते.) पुढे बस, लिफ्ट, लग्नमंडप असा कार्यक्षेत्राचा विस्तार झाला. त्यांच्या शब्दसंपत्तीचा निम्मा भाग मालाच्या दोषांचा होता, उरलेला माणसांच्या. स्वागत, आभार, कौतुक यांचे शब्द वापराअभावी नामशेष झाले होते. पण मराठीबद्दल कुणाची तक्रार नव्हती. ज्यांच्याबद्दल बोलणे झाले, त्यांना ते कळलेच नव्हते.

मुलगी सहाना पेरुंगुडीला आयटी कंपनीत. तिचे मन श्रीपेरुंबुदूरच्या मोटार कारखान्यातल्या सिद्धार्थ या नाशिकच्या इंजिनिअरवर बसले. प्रेम अर्थात इंग्रजीत जमले. सिद्धार्थ आईला, शशिकलाबाईंना, घेऊन घरी यायचा होता, तेव्हा सहानाने वडिलांना तमिळमध्ये बजावले, की पाहुण्यांशी नीट मराठीत बोला; हे स्थळ मोडले तर मी दुसरे पाहणार नाही. शेषाद्रीराव निर्धास्त होते. सराव दांडगा होता.

पाहुणे आले, कॉफी झाली. शेषाद्रीरावांनी सिद्धार्थला नखशिखांत न्याहाळले आणि सवयीने चंद्रिकाबाईंकडे वळून खणखणीत मराठीत म्हणाले, "पोत बेस अहे. पण रंग टिकणार नाही. अजून दोन दुकानं बघू."

सहानाला यातला शब्द न् शब्द कळला. लहानपणापासून ती या दुकानांत हिंडलेली होती.

पण मुलाकडे चेन्नईला येऊन राहिल्यापासून शशिकलाबाईंनाही नेमकी हीच सवय लागली होती. त्या मुलाकडे वळून तितक्याच मोठ्याने म्हणाल्या, "घर नीटनेटकं आहे रे. कॉफी पाणचट, आणि बाप आगाऊ. मुलगी तेवढी चांगली आहे. उरकून टाक."

शेषाद्रीरावांना भरून आले. बायको सोडून कुणीतरी आज त्यांच्या मराठीला मराठीत उत्तर दिले होते. दोन्ही पक्षांकडे मनात ठेवण्यासारखे काही न उरल्याने लग्न तिथेच ठरले.

आता नातू शाळेत जातो. त्याच्याशी सगळे इंग्रजीत बोलतात, त्यामुळे त्याचे मार्क, त्याचे हट्ट आणि त्याच्या आईबापांची भांडणे यांवर दोन्ही आज्या आणि आजोबा त्याच्यासमोर मराठीत मनमोकळी चर्चा करतात. भाषा जोमात आहे.

ही कथा वाचून आपल्याला हसू आले असल्यास आनंद आहे. ती घरात उघडी ठेवायलाही हरकत नाही. आपल्या मुलांना ती वाचता येणार नाही, याची व्यवस्था आपण केलेलीच आहे.